त्या तासाला तिथे कोण होते? मोबाइलभोवतीचे वर्तुळ आणि अमेरिकेतील दोन अपील न्यायालये

२० मे २०१९ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास, अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात रिचमंड शहराजवळच्या मिडलोथियन येथील एका पतसंस्थेत एक माणूस शिरला आणि बंदुकीच्या धाकाने १ लाख ९५ हजार डॉलर घेऊन पसार झाला. पोलिसांच्या हाती नाव लागले नाही. कॅमेऱ्याच्या चित्रणात मात्र एक गोष्ट दिसत होती, ती म्हणजे दरोडेखोराने मोबाइल कानाला लावलेला होता. एवढ्याच धाग्यावरून पोलिसांनी न्यायदंडाधिकाऱ्याकडून वॉरंट मिळवले आणि ते गूगलपुढे ठेवले. पतसंस्थेभोवती १५० मीटर त्रिज्येचे एक वर्तुळ आखून त्यांनी विचारले की, ४ वाजून २० मिनिटांपासून ५ वाजून २० मिनिटांपर्यंत या वर्तुळात कोणकोणते मोबाइल होते?

नकाशावर आखलेल्या अशा वर्तुळाला ‘जिओफेन्स’ म्हणतात. या लेखात त्याला आभासी कुंपण म्हणू. पोलिसांना अशी विचारणा करू देणे अमेरिकेच्या राज्यघटनेत बसते का, या प्रश्नावर तेथील दोन अपील न्यायालयांनी बरोबर एका महिन्याच्या अंतराने, ९ जुलै आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी, परस्परविरोधी उत्तरे दिली. गंमत अशी की, दोन्हीकडे आरोपी हरले. एका न्यायालयाने सांगितले की तुमच्या हक्काला धक्काच लागला नाही, आणि दुसऱ्याने सांगितले की धक्का लागला, पण तुमची शिक्षा कायम राहील. हा दुसरा निकाल ऐकून सामान्य वाचक बुचकळ्यात पडतो, आणि समजून घेण्यासारखे बरेचसे तिथेच आहे.

‘सर्किट’ म्हणजे काय?

कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे ‘सर्किट बेंच’ सुरू झाले, त्यामुळे हा शब्द आता आपल्याकडे अनोळखी नाही. सर्किट म्हणजे फेरी. अमेरिकेत एके काळी न्यायाधीश खरोखरच घोड्यावरून गावोगावी फिरून न्यायदान करीत, त्या फेरीचे नाव पुढे न्यायक्षेत्राला चिकटले. आज तेथे संघराज्याच्या न्यायव्यवस्थेत तळाशी ९४ जिल्हा न्यायालये, त्यांच्यावर १३ अपील न्यायालये आणि सर्वांत वर सर्वोच्च न्यायालय अशी उतरंड आहे. चौथ्या सर्किटचे अपील न्यायालय रिचमंडला बसते आणि व्हर्जिनिया, मेरीलँड यांसह पाच राज्ये त्याच्या अखत्यारीत येतात. पाचवे सर्किट न्यू ऑर्लिन्सला असून टेक्सस, लुइझियाना आणि मिसिसिपी ही राज्ये त्याच्याकडे आहेत.

कोल्हापूरचे बेंच आणि नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पणजीचे खंडपीठ ही सारी एकाच मुंबई उच्च न्यायालयाची अंगे आहेत. अमेरिकेतील सर्किटे तशी नाहीत. ती एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, म्हणजे आपल्याकडे मुंबई आणि मद्रास ही दोन उच्च न्यायालये जशी आहेत तशी. रिचमंडचा निकाल न्यू ऑर्लिन्सवर बंधनकारक नसतो आणि न्यू ऑर्लिन्सचा रिचमंडवर नसतो. त्यामुळे एकाच राज्यघटनेचे एकच कलम डॅलसमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला एक संरक्षण देते आणि उत्तर व्हर्जिनियात राहणाऱ्या त्यांच्या चुलतभावाला ते देत नाही, अशी परिस्थिती उद्भवू शकते. २०२४ च्या उन्हाळ्यात नेमके तेच झाले.

कामाची पद्धतही थोडक्यात सांगितली पाहिजे. अपील न्यायालयात साक्षीदार उभे राहत नाहीत; खालच्या न्यायालयात नोंदले गेलेले पुरावे समोर ठेवून कायदा बरोबर लावला गेला की नाही, एवढेच तेथे तपासले जाते. प्रकरण सहसा तीन न्यायाधीशांपुढे येते आणि क्वचित प्रसंगी, विषय फारच महत्त्वाचा असेल तर, त्या सर्किटचे सर्व कार्यरत न्यायाधीश एकत्र बसून ते पुन्हा ऐकतात. आपल्या सवयीच्या शब्दात त्याला पूर्णपीठ म्हणता येईल.

दोनशे साठ वर्षांपूर्वीची चीड

अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती १७९१ मध्ये अमलात आली. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती किंवा जप्ती होता कामा नये, असे ती सांगते. वॉरंट द्यायचे तर त्यामागे शपथेवर सांगितलेले सबळ कारण हवे आणि कोणत्या जागेची झडती घ्यायची व काय किंवा कोणाला ताब्यात घ्यायचे याचा नेमका उल्लेख हवा, अशी तिची अट आहे.

हा नेमकेपणाचा आग्रह एका जुन्या चिडीतून आला. ब्रिटिश अमलात जकात अधिकाऱ्यांकडे असे हुकूमनामे असत की, चोरटा माल शोधण्याच्या नावाखाली त्यांना कोणाच्याही घरात शिरता येई. घराचे नाव नाही, माणसाचे नाव नाही, मालाचे वर्णन नाही. १७६१ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात जेम्स ओटिस या वकिलाने या हुकूमनाम्यांविरुद्ध कित्येक तास युक्तिवाद केला. खटला तो हरला, पण तो ऐकणाऱ्यांमध्ये तरुण जॉन अ‍ॅडम्स होता, जो पुढे देशाचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. अशा नाव-गाव नसलेल्या परवान्याला येथे आपण सरसकट वॉरंट म्हणू. अमेरिकी घटनेत सरकारी अधिकाराविषयी जो खोल संशय दिसतो, त्यातला बराचसा या सरसकट वॉरंटांनी पेरलेला आहे. पाचव्या सर्किटचा निकाल वाचताना हे लक्षात ठेवावे लागते, कारण तेथील न्यायाधीशांच्या मते गूगलला दिलेले वॉरंट हे त्याच जुन्या हुकूमनाम्याचे नवे रूप आहे.

आपणहून दिलेली माहिती खासगी राहते का?

विसाव्या शतकातील उत्तर होते ‘नाही’. बँकेला तुम्ही तुमचे व्यवहार आपणहून दाखवता, म्हणून ते बँकेकडून मागवण्यासाठी पोलिसांना वॉरंट लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवले. १९७९ मध्ये फिरवलेल्या दूरध्वनी क्रमांकांना तोच न्याय लावला. तिसऱ्याच्या हाती सोपवलेल्या गोष्टीवर गुप्ततेचा दावा उरत नाही, हे त्यामागचे तत्त्व. वाण्याच्या वहीत तुमची उधारी लिहिलेली असेल तर ती वही वाण्याची, तुमची नव्हे.

पण वाण्याच्या वहीत तुम्ही रात्री कुठे झोपलात, कोणत्या डॉक्टरांकडे गेलात, कोणत्या सभेला बसलात हे लिहिलेले नसते. मोबाइल कंपनीच्या वहीत ते असते. २०१८ च्या कार्पेंटर खटल्यात पोलिसांनी एका आरोपीच्या १२७ दिवसांच्या हालचाली मोबाइल टॉवरच्या नोंदींवरून मिळवल्या होत्या, एकूण १२,८९८ ठिकाणांच्या नोंदी. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निर्णय दिला की, ही माहिती कंपनीकडे असली तरी ती मागवणे म्हणजे झडतीच आहे आणि तिला सर्वसाधारणपणे वॉरंट हवे. मात्र एखाद्या टॉवरच्या टप्प्यात आलेल्या सगळ्यांची यादी मागवणे योग्य की अयोग्य, हे सांगण्याचे त्यांनी मुद्दाम टाळले. तेव्हा १२७ दिवस म्हणजे झडती, हे नक्की झाले. दोन तासांचे काय, आणि एकाऐवजी सगळ्यांची माहिती मागितली तर काय, हे दोन प्रश्न उघडेच राहिले. सर्वोच्च न्यायालय अशी फट ठेवते तेव्हा ती बुजवण्याचे काम आधी अपील न्यायालयांच्या वाट्याला येते.

कुंपण प्रत्यक्षात कसे घातले जाते?

मोबाइलवर गूगलचा नकाशा उघडला की एक निळा ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती फिकट निळे वर्तुळ. त्या वर्तुळाचा अर्थ असा की, तुम्ही ठिपक्यावरच आहात अशी खात्री नाही, पण बहुधा या वर्तुळात कुठेतरी आहात. गूगलचा अंदाज त्यासाठी ६८ टक्के धरलेला असतो. ‘लोकेशन हिस्टरी’ ही सोय चालू असेल तर असे ठिपके सरासरी दर दोन मिनिटांनी नोंदले जात. ही सोय मुळात बंद असते, वापरणाऱ्याने ती चालू करावी लागते. २०१८ मध्ये गूगलच्या सुमारे एक तृतीयांश वापरकर्त्यांनी ती चालू केलेली होती.

पोलिसांच्या मागणीचे तीन टप्पे होते. पहिल्या टप्प्यात गूगलने वर्तुळातील खात्यांची नावे झाकून यादी दिली. मिडलोथियन प्रकरणात ही खाती १९ निघाली. दुसऱ्या टप्प्यात पोलिसांनी त्यांतली ९ निवडून त्यांच्या दोन तासांच्या हालचाली मागितल्या, आणि या वेळी वर्तुळाची मर्यादा नव्हती, म्हणजे माणूस वर्तुळाबाहेर गेला तरी त्याचा माग दिसत होता. तिसऱ्या टप्प्यात ३ खात्यांची नावे उघड झाली आणि त्यांतला एक आरोपी ठरला. १५० मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे ७०,६८६ चौरस मीटर, साडेसतरा एकर. त्यात पतसंस्थेशेजारचे एक चर्चही येत होते.

१९ हा आकडा लहान वाटतो, कारण ते अमेरिकेतील ऐसपैस उपनगर आहे. कंपासचे टोक दादर स्थानकाच्या पुलावर ठेवून संध्याकाळी सहा ते सात या वेळेत तेवढेच वर्तुळ आखले तर काय होईल, याची कल्पना वाचकाने स्वतःच करावी.

पोलिसांना ही युक्ती किती आवडली ते गूगलनेच जाहीर केलेल्या आकड्यांवरून कळते. अमेरिकेत अशी वॉरंटे २०१८ मध्ये ९८२ होती, २०१९ मध्ये ८,३९६ झाली आणि २०२० मध्ये ११,५५४.

रिचमंडचे उत्तर: ही झडतीच नाही

मिडलोथियनचा खटला चॅट्री खटला म्हणून ओळखला जातो. २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाच्या न्यायाधीश हॅना लॉक यांनी वॉरंट घटनाबाह्य ठरवले, कारण वर्तुळातल्या प्रत्येक माणसावर संशय घेण्यासारखे कारण त्यात दिलेले नव्हते. पुरावा मात्र त्यांनी वगळला नाही. आरोपीला पुढे १४१ महिन्यांची शिक्षा झाली आणि प्रकरण चौथ्या सर्किटपुढे आले.

तेथे न्या. ज्युलियस रिचर्डसन यांनी दोन विरुद्ध एक अशा बहुमताचा निकाल लिहिला, आणि तो जिल्हा न्यायालयाच्याही पुढे गेला. त्यांचे म्हणणे असे की, कार्पेंटर खटल्यात १२७ दिवसांचे आयुष्य उलगडले होते, येथे फक्त दोन तासांची वाटचाल दिसली. शिवाय मोबाइलला टॉवरशी जोडले जाण्यावाचून गत्यंतर नसते, पण लोकेशन हिस्टरी आरोपीने आपणहून चालू केली होती. जे आपणहून दिले ते पोलिसांनी पाहिले तर झडती झालीच नाही, आणि झडतीच नसेल तर वॉरंट चांगले होते की वाईट हा प्रश्नच उद्भवत नाही. विरोधी मत देणारे न्या. जेम्स विन यांना हे अजिबात पटले नाही. फोन सुरू करताना येणाऱ्या सूचनांना ‘हो’ म्हणणारा माणूस पुढे आपला प्रत्येक पाऊलठसा सरकारपुढे मांडायला राजी असतो, असे मानणे त्यांना भाबडेपणाचे वाटले.

त्यानंतर प्रकरण पूर्णपीठापुढे गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी पूर्णपीठाचा जो निकाल आला तो एका वाक्याचा होता: खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम. त्या एका वाक्यामागे न्यायाधीशांची वेगवेगळी मते जोडलेली होती आणि ती शंभराहून अधिक पानांची झाली. ही झडती होती की नव्हती, यावर बहुमत झालेच नाही. म्हणजे पंधरांपैकी चौदा विद्वान माणसांनी शिक्षेपुरते हात मिळवले आणि तत्त्वाच्या प्रश्नावर आपापल्या वाटेने गेली. कायद्याच्या विद्यार्थ्याला ती पाने मेजवानी आहेत. उद्या सकाळी वॉरंटवर सही करायची आहे अशा दंडाधिकाऱ्याला मात्र त्यांचा फारसा उपयोग नाही.

न्यू ऑर्लिन्सचे उत्तर: ही सरसकट झडती आहे

पाचव्या सर्किटपुढचा स्मिथ खटला मिसिसिपीतील लेक कॉर्मोरंट येथल्या टपाल कार्यालयाबाहेर घडलेल्या लुटीचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये टपाल गाडीच्या चालकाला मारहाण करून सुमारे ६० हजार डॉलर लुबाडले गेले. महिनोन्‌महिने तपास पुढे सरकेना, म्हणून नोव्हेंबरमध्ये गूगलसाठी वॉरंट घेतले गेले. कुंपणात तीन मोबाइल सापडले.

न्या. कॅरोलिन किंग यांच्या निकालाचा रोख या तीन मोबाइलवर नाही. हे तीन शोधण्यासाठी गूगलला काय करावे लागले, असा प्रश्न त्यांनी विचारला. कोण कुठे होते हे गूगलला आधी ठाऊक नसते. ठिकाणावरून माणूस शोधायचा तर लोकेशन हिस्टरी असलेले प्रत्येक खाते चाळावे लागते, आणि त्या वेळी अशी खाती ५९ कोटी २० लाख होती. वॉरंटवर नाव एकाचेही नव्हते. बँकेतल्या कोणत्या तरी लॉकरमध्ये चोरीचा हार आहे, म्हणून देशातल्या सगळ्या लॉकरांची दारे उघडण्याचा हुकूम काढावा, तसे हे झाले. असे वॉरंट कितीही काळजीपूर्वक लिहिले तरी ते सरसकटच राहणार, म्हणून पाचव्या सर्किटने अशा वॉरंटांचा संपूर्ण प्रकारच चौथ्या दुरुस्तीविरुद्ध ठरवला. ‘आपणहून चालू केले’ हा मुद्दाही त्यांनी फेटाळला, कारण वेगवेगळ्या अ‍ॅपमधून वारंवार विचारणा होऊन मिळालेल्या होकाराला समजून-उमजून दिलेली संमती म्हणणे त्यांना मान्य नव्हते.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की मतभेदाचे मूळ दिसते. रिचमंडने ‘एका माणसाची किती माहिती पोलिसांच्या हाती पडली’ हे मोजले. न्यू ऑर्लिन्सने ‘ती मिळवण्यासाठी किती माणसांची माहिती चाळली गेली’ हे मोजले. माप वेगळे घेतले की उत्तर वेगळे येणारच.

जाता जाता एक निरीक्षण. अमेरिकी न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, म्हणून कोणाला कोणी नेमले यावरून निकालाचे भाकीत करण्याची वृत्तपत्रांना सवय आहे. येथे न्या. किंग यांना जिमी कार्टर यांनी नेमले होते, तर त्यांच्याशी सहमत असलेल्या इतर दोघांना डोनाल्ड ट्रम्प यांनी. आणि रिचमंडचे न्या. रिचर्डसन हेही ट्रम्प यांनीच नेमलेले. पक्षाचा चष्मा लावून हा वाद वाचता येत नाही.

घटनाभंग झाला, मग आरोपी सुटले कसे नाहीत?

अमेरिकेत बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा खटल्यातून वगळण्याचा नियम आहे. त्याचा हेतू आरोपीला बक्षीस देणे हा नसून पोलिसांना पुन्हा तसे न करण्याची जरब बसवणे हा आहे. म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक अपवाद जोडला: पोलिसांनी न्यायाधीशाकडून रीतसर वॉरंट घेतले असेल आणि ते वैध आहे असे त्यांनी प्रामाणिकपणे मानले असेल, तर वॉरंट पुढे चुकीचे ठरले तरी पुरावा टिकतो. आपण चूक करतो आहोत हे ज्याला कळण्यासारखे नव्हते, त्याला जरब बसवून काय साधणार, असा त्यामागचा हिशेब.

२०१८-१९ मध्ये आभासी कुंपणाचे तंत्र नवे होते, पोलिसांनी सरकारी वकिलांचा सल्ला घेतला होता, ते बेकायदा आहे असे कोणत्याही वरच्या न्यायालयाने तोवर म्हटलेले नव्हते. म्हणून स्मिथ खटल्यातील शिक्षा कायम राहिल्या. हा अपवाद मला स्वतःला अर्धाच पटतो, कारण नव्या तंत्राचा पहिला बळी प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने परत जातो. पण निकाल निष्फळ झाला असे मात्र नाही: ९ ऑगस्ट २०२४ नंतर टेक्ससमधला पोलीस ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणू शकत नाही. जिंकलेला हक्क आरोपींच्या वाट्याला न येता त्यांच्यानंतर येणाऱ्यांच्या वाट्याला आला.

‘मी काही केलेच नाही, मग मला काय त्याचे?’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्याला उत्तर देण्यासाठी तत्त्वज्ञानाची गरज नाही. फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे २०१९ मध्ये एका घरात चोरी झाली. व्यायामासाठी सायकल चालवणारा एक तरुण त्या दिवशी त्या घरावरून एका तासात तीनदा गेला होता आणि फेऱ्या मोजण्यासाठी त्याने मोबाइलवर अ‍ॅप लावलेले होते. २०२० च्या जानेवारीत त्याला गूगलकडून कळले की पोलिसांनी त्याच्या खात्याची माहिती मागितली आहे आणि न्यायालयात हरकत घ्यायला सात दिवस आहेत. घरच्यांच्या पैशातून वकील लावून त्याने ते संकट टाळले. अ‍ॅरिझोनात तर २०१८ च्या डिसेंबरमध्ये असाच एक निरपराध माणूस खुनाच्या संशयावरून जवळपास आठवडाभर कोठडीत राहिला. त्याचे खाते दुसऱ्याच्या हातातील जुन्या मोबाइलवर उघडे राहिले होते.

झडती चुकीच्या माणसापर्यंत पोहोचते तेव्हा त्याला आपल्या निर्दोषत्वाचा पुरावा स्वतःच गोळा करत बसावे लागते. वॉरंटमध्ये नाव आणि कारण लिहिण्याची अट ही उलटी फेरी टाळण्यासाठी आहे.

‘मग चोर पकडायचे कसे?’

हा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्मिथ खटल्यात न्या. जेम्स हो यांनी स्वतंत्र मत जोडून हे प्रांजळपणे मान्य केले की, या निकालामुळे तपासयंत्रणेचे हात काही प्रमाणात बांधले जातील. परंतु सरकारचे हात बांधण्यासाठीच तर राज्यघटना असते, असा त्यांचा पुढचा मुद्दा होता.

ओरिन केर यांच्यासारख्या अभ्यासकांनी निकालावर घेतलेली हरकत याहून बारीक आहे. कोणत्याही नोंदवहीत एक नोंद शोधायची तर सगळ्या नोंदींवरून नजर फिरवावीच लागते. सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत एका पाहुण्याचे नाव शोधताना पहारेकरी बाकीच्या ओळी चाळतोच, म्हणून त्याने सगळ्या पाहुण्यांची झडती घेतली असे आपण म्हणत नाही. पाचव्या सर्किटचा तर्क ताणला तर संगणकातील कुठलाही शोध सरसकट ठरेल, अशी ही भीती आहे. मला ही हरकत खरी वाटते. मात्र तिच्यात एक उणीवही आहे: फाटकावरच्या वहीत पाहुण्याने स्वतःच्या हाताने नाव लिहिलेले असते, आणि ती वही पाहुण्याच्या मागे मागे त्याच्या घरापर्यंत जात नाही.

दोन सर्किटे परस्परविरुद्ध बोलू लागली की तो पेच सोडवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा असतो, आणि त्याने जानेवारी २०२६ मध्ये चॅट्री प्रकरण सुनावणीसाठी स्वीकारले.

‘गूगलने माहिती साठवणेच बदलले, मग हा वाद कशाला?’

डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले की ठिकाणांचा इतिहास यापुढे कंपनीच्या संगणकांवर न ठेवता ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर राहील. वही वाण्याकडून गिऱ्हाइकाच्या घरी गेली, तेव्हा वाण्याकडे वॉरंट नेऊन उपयोग उरला नाही. पण मोबाइल टॉवर तेथेच आहेत. एखाद्या टॉवरशी ठरावीक वेळेत जोडल्या गेलेल्या सगळ्या मोबाइलची यादी मागवण्याची पद्धत, जिला आपल्याकडच्या बातम्यांत ‘डंप डेटा’ म्हणतात, ती याच वर्तुळाची थोरली बहीण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मिसिसिपीतील संघीय न्यायदंडाधिकारी अँड्र्यू हॅरिस यांनी अशा टॉवर-यादीसाठी मागितलेली वॉरंटे नाकारली आणि त्यासाठी स्मिथ निकालाचा आधार घेतला. ज्या निकालात आरोपींना काहीच मिळाले नव्हते, तो सहा महिन्यांत दुसऱ्याच प्रकरणाच्या दारात अडसर म्हणून उभा राहिला.

अमेरिकेत व्हिसावर राहणाऱ्यांनी विचारावे असा एक प्रश्न आहे: चौथी दुरुस्ती केवळ नागरिकांसाठी आहे का? १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी व्यक्तीच्या परदेशातील घराच्या झडतीला ती लागू नसल्याचे सांगितले, पण ते सांगताना अमेरिकेत कायदेशीरपणे आलेल्या आणि त्या देशाशी भरीव संबंध जडलेल्या परकीयांना वेगळे काढले. डॅलसमध्ये नोकरी करून घरभाडे भरणारा मराठी अभियंता त्यामुळे या संरक्षणाबाहेर पडत नाही.

भारतात डंप डेटासाठी पोलिसांना प्रत्येक वेळी न्यायाधीशाचे वॉरंट लागत नाही, आणि पुरावा वगळण्याचा अमेरिकी नियमही आपण स्वीकारलेला नाही. मुंबईच्या कोरोनरवरील, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावरील, लाचेच्या आरोपातून उद्भवलेल्या मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, दूरध्वनीवरील संभाषण ध्वनिमुद्रित करून मिळवलेला पुरावा सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ग्राह्य धरला. पुरावा कसा मिळाला यापेक्षा तो प्रकरणाशी संबंधित आहे का हे महत्त्वाचे, ही तेथील भूमिका आजही बऱ्याच अंशी चालते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात सांगितले ते त्यानंतर ४५ वर्षांनी, २०१७ मध्ये.

त्या हक्काचा मोबाइलच्या ठिकाणाशी थेट संबंध आला तो ८ जुलै २०२४ रोजी, म्हणजे रिचमंडच्या निकालाच्या आदल्याच दिवशी. जामिनावर सुटलेल्या एका परदेशी आरोपीला आपले ठिकाण गूगलच्या नकाशावर तपास अधिकाऱ्याला दिसत राहील अशी खूण टाकण्याची अट घातली गेली होती. मुंबई उच्च न्यायालयात अनेक वर्षे न्यायाधीश राहिलेले न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या सर्वोच्च न्यायालयातील खंडपीठाने ती रद्द केली. पोलिसांना माणसाच्या हालचालींवर सतत नजर ठेवता येईल अशी जामिनाची अट भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा भंग करते, असे त्यांनी म्हटले. तेथे नजर होती ती एका माणसावर, ज्याचे नाव पोलिसांना आधीच ठाऊक होते. ज्यांची नावे अजून कोणालाच ठाऊक नाहीत, अशा एका टॉवरखालच्या हजारो जणांचा प्रश्न त्या खंडपीठापुढे आलेला नव्हता.